बॉक्स पाइपला बाहेरून बोल्ट: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: ऐरोलीत आमच्या सोसायटीच्या गच्चीवर शेड उभारायची आहे. खांब 100×100×4 मिमीच्या बॉक्स पाइपचे, गॅल्व्हनाइज केलेले (जस्ताचा थर दिलेले). ब्रॅकेट 8 मिमी प्लेटचे. फॅब्रिकेटर म्हणतो, पाइपच्या आत हात जात नाही, नट लागणार नाही, तेव्हा वेल्डिंगच करू. दुसरा मार्ग आहे का?

उत्तर: आहे, आणि तुमच्या खांबांसाठी तोच बरा. जागेवर वेल्डिंग केलं की जोडाभोवतीचं जस्त जळतं आणि गंज तिथूनच सुरू होतो. शिवाय जस्ताचा धूर कारागिराच्या छातीत जातो. ब्लाइंड बोल्ट बाहेरच्या एकाच बाजूने बसतो. बोल्टवर कॉलर असलेली, चिरा पाडलेली बाही असते आणि टोकाला शंकू. बोल्ट आवळला की शंकू बाहीत ओढला जातो, बाहीचे पाय पाइपच्या आत फाकतात आणि भिंत धरून ठेवतात.

खालची मापं लिंडॅप्टर कंपनीच्या होलो-बोल्ट नावाच्या ब्लाइंड बोल्टची आहेत. दुसऱ्या कंपनीचा माल घेतलात तर तिचा तक्ता पाहा. 12 मिमी बोल्टला भोक 20 मिमीचं लागतं. सगळ्यात जास्त चूक इथेच होते. प्लेटला नेहमीच्या सवयीने 13-14 मिमीचं भोक पाडून आणतात, मग बाही आत जातच नाही. प्लेट आणि पाइप दोघांनाही 20. तुमची एकूण जाडी 8 अधिक 4, म्हणजे 12 मिमी. बोल्टची लांबी या आकड्यावरून निवडायची. तक्त्यात कमीत कमी आणि जास्तीत जास्त अशा दोन्ही मर्यादा असतात, दोन्ही तपासा.

भोक मॅग्नेटिक ड्रिल किंवा चांगल्या होल सॉने, कटिंग ऑइल घालून पाडा. गॅसने अजिबात नको. भोक 22 झालं तर पायांना पकड उरत नाही. पाइपच्या आत वेल्डची शिवण असते, ती बाजू टाळा. भोकाच्या कडेला उरलेली धातूची धारदार कुसळं (बर) कानशीने काढा, आत पडलेला चुरा चुंबकाने ओढून घ्या, कारण तो ओला झाला की आतूनच गंज धरतो. भोकाच्या उघड्या कडेला झिंक रिच प्रायमरचे दोन हात द्या आणि वाळू द्या.

आवळताना एका पान्याने कॉलर घट्ट धरायची आणि टॉर्क रेंचने (आवळण्याचा जोर, म्हणजे टॉर्क, मोजणाऱ्या पान्याने) बोल्ट फिरवायचा. कॉलर बोल्टबरोबर फिरली तर पाय नीट फाकत नाहीत आणि बाहेरून मात्र जोड पक्का दिसतो. 12 मिमीला 80 न्यूटन-मीटर, 10 मिमीला 45 (भोक 18), 16 मिमीला 190 (भोक 26). आतलं काही दिसत नसल्याने टॉर्कचा आकडा हाच तुमचा पुरावा, तो प्रत्येक बोल्टपुढे लिहून ठेवा.

एक गोष्ट फॅब्रिकेटरला ठासून सांगा: ताण आला की बोल्ट तुटण्याआधी बहुधा पाइपची भिंत बाहेर फुगते. बोल्ट जाडा घेऊन 4 मिमीची भिंत बळकट होत नाही. आयएस 875 या भारतीय मानकाच्या भाग 3 मध्ये मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 44 मीटर धरला आहे, आणि उघड्या गच्चीवर वारा शेडला वर उचलतो. हिशेब स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच करून घ्या.

प्रश्न: नेरूळला खाडीजवळ आमचा परगोला आहे. बोल्टखाली तांबडे ओघळ दिसतात. पाइप तर गॅल्व्हनाइज्ड आहे.

उत्तर: बोल्ट बहुधा फक्त इलेक्ट्रोप्लेटेड (विजेच्या प्रवाहाने जस्त चढवलेले) आहेत. त्यांवरचा जस्ताचा थर साधारण 5 ते 12 मायक्रॉन असतो. तुमच्या पाइपवर, हॉट डिप केलेला (वितळलेल्या जस्तात बुडवलेला) असेल तर, 70 च्या आसपास. खाऱ्या हवेत पातळ थर आधी संपतो. बोल्ट बदलताना हॉट डिप किंवा 316 स्टेनलेस घ्या.

पण ओघळ आतूनही येत असतील. बाहीच्या चिरांतून आणि भोकाच्या कडेने पावसाचं पाणी पाइपमध्ये उतरतं. खांब तळाला बंद असेल तर ते तिथेच साठतं. बेस प्लेटच्या जरा वर 10 मिमीचं निचऱ्याचं भोक पाडा आणि कडेला प्रायमर लावा. ब्रॅकेटच्या वरच्या आणि दोन्ही बाजूंच्या कडेने पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट भरा, खालची कड मोकळी सोडा. चारही बाजू बंद केल्या तर आत शिरलेलं पाणी अडकून पडतं. प्लेट आणि पाइपमध्ये जाड मऊ रबर घालू नका, ते दबत जातं आणि बोल्ट सैल पडतो.

प्रश्न: वागळे इस्टेटमध्ये माझं फॅब्रिकेशनचं काम आहे. हे बोल्ट महाग पडतात. आरपार बोल्ट किंवा रिव्हेट नट चालेल?

उत्तर: आरपार बोल्ट चालेल, पण आत नळीचा तुकडा घालून दोन्ही तोंडांना वेल्ड केला तरच. नळीशिवाय आवळलं की समोरासमोरच्या भिंती आत दबतात आणि टॉर्क कधीच धरत नाही. रिव्हेट नट, म्हणजे भोकात बाहेरूनच दाबून बसवायचा आटेदार नट, पत्रा, जाळी अशा हलक्या कामापुरता. डोक्यावर लटकणाऱ्या वजनाला नको. खांब तुमच्याच शॉपमध्ये बनत असेल तर सगळ्यात स्वस्त उपाय असा: टोक बंद करण्याआधी आत नट वेल्ड केलेली पट्टी बसवा, मग गॅल्व्हनाइजिंगला पाठवा आणि परत आल्यावर आटे टॅपने साफ करा.

आणखी एक: 16 आणि 20 मिमीच्या होलो-बोल्टमध्ये रबराची चकती असते. पोरं ती फालतू समजून काढून फेकतात. ती पाणी अडवायला नसते, दबून प्लेटची पकड वाढवायला असते. ती हवीच.

प्रश्न: पुढे ब्रॅकेट हलवायचा झाला तर हा ब्लाइंड बोल्ट निघतो का?

उत्तर: मधला बोल्ट निघतो, फाकलेली बाही नाही. कॉलर ग्राइंडरने कापून बाही आत ढकलावी लागते, आणि ती पाइपमध्येच राहते. भोक अजून गोल आणि 20 मिमीचंच असेल तर नवा बोल्ट त्यातच बसतो. जुना बोल्ट पुन्हा वापरू नका.