एफडी मोडून कॅमेरा घ्यावा का?

प्रश्न : सांगलीत हरभट रोडला माझा छोटा स्टुडिओ आहे. लग्नाच्या ऑर्डरींतून खर्च जाता वर्षाला साडेचार लाख सुटतात. फावल्या वेळात ऑनलाइन स्टॉक एजन्सींवर, म्हणजे फोटो वापरायचे हक्क विकणाऱ्या साइट्सवर, फोटो टाकतो. गेल्या वर्षी २,१०० फोटोंवर ७१,४०० रुपये मिळाले, यंदा ३,२०० फोटोंवर ८६,४००. सहा लाखांची एफडी मोडून कॅमेऱ्याची नवी बॉडी आणि लेन्स घ्यायच्या, लग्नं बंद करायची आणि तीन वर्षांत १२,००० फोटो करून महिना ५०,००० गाठायचे, असा बेत आहे. पत्नीचा विरोध आहे. मुलगी सहा वर्षांची आहे.

उत्तर : एफडीला हात लावू नका, लग्नंही सोडू नका. स्टॉकचं काम जरूर वाढवा, पण त्याच्याच कमाईतून.

तुम्ही आकडे नीट लिहून ठेवलेत, त्यामुळे उत्तर त्यातच सापडतं. गेल्या वर्षी एका फोटोने सरासरी ३४ रुपये दिले, यंदा २७. फोटो दीडपट झाले आणि पैसे वाढले जेमतेम एकवीस टक्के. महिना ५०,००० म्हणजे वर्षाला सहा लाख, म्हणजे १२,००० फोटोंपैकी प्रत्येकाने ५० रुपये द्यायला हवेत. आजच्या २७ च्या दराने महिन्याला २७,००० होतात, आणि हा दर खाली येतोय. दुसरी बाजू बघा. सात टक्के धरले तर एफडीचं वर्षाचं व्याज ४२,००० रुपये. नव्या कॅमेऱ्याचे पहिले साडेपंधराशे फोटो नुसतं तेवढं व्याज भरून काढण्यात जातील. मुद्दल तर कॅमेऱ्यात अडकलेली, आणि कॅमेऱ्याची किंमत दरवर्षी उतरणारी.

स्टॉक फोटोंचा धंदा वाढतोय, हे खरं आहे. पण वाढतोय कोणाचा, हे बघायला हवं. कॅनडातल्या कॅलगरीत २००० साली आयस्टॉकफोटो ही साइट सुरू झाली, ती फोटोंची फुकट देवाणघेवाण म्हणून. २००६ मध्ये गेटी इमेजेस या मोठ्या फोटो एजन्सीने ती पाच कोटी डॉलरना घेतली. २००३ मध्ये जॉन ओरिंगर यांनी स्वतः काढलेले सुमारे ३०,००० फोटो घेऊन शटरस्टॉक उभं केलं आणि महिन्याच्या वर्गणीत फोटो विकायला सुरुवात केली. फोटोग्राफरचा दर पडला तो या वर्गणीमुळे. खरेदीदाराला एक फोटो अगदी थोड्या पैशांत पडू लागला. २०२० पासून शटरस्टॉक फोटोग्राफरला विक्रीतला वाटा १५ ते ४० टक्क्यांच्या पायऱ्यांनी देतं आणि दर १ जानेवारीला सगळे फोटोग्राफर पुन्हा तळच्या पायरीवर येतात. अ‍ॅडोबी स्टॉक फोटोला सरसकट ३३ टक्के देतं. त्यात आता एआयने बनवलेली चित्रं आली. हसरं कुटुंब, लॅपटॉपसमोरची मुलगी, पांढऱ्या पार्श्वभूमीवरचं फळ, असल्या फोटोंवर पुढची तीन वर्षं घालवणं मला धोक्याचं वाटतं.

मग काय काढायचं? हळद म्हटलं की चमच्यातल्या पुडीचे फोटो ढिगाने मिळतात. पण शेतात वाफेवर शिजून निघालेले गड्डे, पॉलिश व्हायच्या आधीचं खरबरीत हळकुंड, मोडल्यावर आत दिसणारा गर्द केशरी रंग, मार्केट यार्डातल्या सौद्याची गर्दी, हे तिथे उभं राहिल्याशिवाय मिळत नाही. तासगावकडच्या बेदाणा शेडमधल्या जाळ्या आणि मिरजेतल्या सतारमेकरांचे हात यांचंही तेच. याला तुमचा आजचा कॅमेरा पुरतो. यंदाच्या ८६,४०० मधून फार तर एक चांगली सेकंडहँड मॅक्रो (अगदी जवळून फोटो काढायची) लेन्स घ्या आणि उरलेले फिरण्यासाठी ठेवा. शेडमधल्या बायकांचे चेहरे जाहिरातीसाठी विकायचे असतील तर मॉडेल रिलीज, म्हणजे फोटोतल्या व्यक्तीचा लेखी होकार, लागतो. कागदावर काय आहे ते त्यांना मराठीत समजावून सांगा, मगच सही घ्या, आणि त्यांच्या वेळेचे पैसे द्या. बुडालेला रोज तुम्ही भरून द्यायलाच हवा.

पत्नीचं म्हणणं मला पटतं, आणि त्याला आणखी एक कारण आहे. २०१९ च्या महापुरात हरभट रोडची काय गत झाली ते तुम्हाला सांगायला नको. २०२१ ला पुन्हा पाणी आलं. अशा ठिकाणी दुकान असलेल्या माणसाकडे हाताशी रोकड हवीच. एफडीची मुदत संपेल तेव्हा सहा लाखांतले दोन लाख वेगळ्या एफडीत ठेवा, म्हणजे अडचणीत सगळी मोडावी लागणार नाही. स्टुडिओच्या विम्यात पूर धरलाय का, आणि दुकानाबाहेर नेलेला कॅमेरा त्यात येतो का, हे याच आठवड्यात पॉलिसी उघडून बघा. विमाच नसेल तर लेन्सच्या आधी तो घ्या.

एजन्सीकडे डब्ल्यू-८ बेन फॉर्म (आपण अमेरिकेबाहेरचे आहोत, हे कळवणारा अमेरिकी कराचा फॉर्म) भरला नसेल तर अमेरिकेतल्या विक्रीवर ३० टक्के कर कापला जातो. भरला तर भारतासाठी १५. कापलेल्या कराचं क्रेडिट इथे विवरणपत्रात मागता येतं, त्यामुळे पावत्या सीएंना द्या.

हळद आणि बेदाण्याचा हंगाम लग्नसराईतच येतो, म्हणून तिथी नसलेले दिवस त्यासाठी आत्ताच राखून ठेवा. वर्षभराने हळद, बेदाणा, सतारीच्या फोटोंचा हिशेब वेगळा मांडून मला पाठवा. एका फोटोमागे ५० च्या वर गेला असाल तर लग्नाच्या थोड्या ऑर्डरी कमी करण्याविषयी तेव्हा बोलू.