ताळेबंदाले भिऊ नको भाऊ
ताळेबंद म्हणजे नफातोटा पत्रक नोहे, ते वर्षभराचं असते, हा फक्त 31 मार्चच्या दिवसाचा, त्या दिवशी धंद्यात काय-काय हाय अन् कोणाचं किती देणं हाय त्याचा हिशोब. तुह्याच कृषी केंद्राचं घे ना, गोदामात खत-बियाणं 4 लाखाचं, कास्तकारायकडं उधारी अडीच लाख, बँकेत 50 हजार, झाले 7 लाख. आता डीलरचे 3 लाख अन् बँकेचं सीसी (कॅश क्रेडिट, म्हणजे धंद्यासाठी लागंल तसं उचलायचं कर्ज) 2 लाख देणं हाय, मंग तुह्यं भांडवल उरलं 2 लाख, म्हणून एकीकडं जे हाय ते अन् दुसरीकडं देणं अन् भांडवल, अशा दोन्ही बाजू 7 लाखावरच जुळतात. आकडा जुळला म्हणजे धंदा चांगला असं मात्र समजू नको बाप्पा! उधारी आधी पाय, कापूस विकल्यावर देतो म्हणणारे किती अन् त्यातले खरंच देणारे किती. माह्ये दोन वर्षं ह्याच्यातच गेले, कागदावर नफा अन् गल्ला रिकामा.