बोटानं केलेली सही जपायची कशी

भावा, शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीसाठी (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यासाठी) चलनाचं, म्हणजे मालासोबत जाणाऱ्या कागदाचं, अ‍ॅप करतोयस आणि माल घेणारा त्यात स्क्रीनवर बोटानं सही करणार, चांगलं आहे. पण सहीचं नुसतं चित्र पीएनजी करून फोल्डरमध्ये टाकू नकोस. ते कुणीही उचलून दुसऱ्या चलनावर चिकटवेल.

सही त्या एकाच चलनाला बांधायची. सही घेताना चलनाची अंतिम पीडीएफ गोठव, तिचा एसएचए-२५६ हॅश काढ (हॅश म्हणजे फाइलचा ठसा, फाइलमध्ये एक अक्षर बदललं तरी तो बदलतो). हॅश, सही, सर्व्हरची वेळ आणि लॉगिन केलेला माणूस असं सगळं एकत्र करून सर्व्हरच्या खासगी किल्लीनं (फक्त सर्व्हरकडे असलेल्या गुप्त आकड्यानं) डिजिटल सही कर, म्हणजे नंतर काही बदललं तर कळेल असा शिक्का मार. नुसता हॅश डेटाबेसात ठेवून भागत नाही. ज्याच्या हाती डेटाबेस, तो चलनही बदलेल आणि हॅशही. म्हणून किल्ली डेटाबेसात नको, कोडमध्ये तर नकोच नको. सही झाल्याबरोबर एक प्रत ग्राहकाला पाठव, मग मागाहून बदल लपत नाही.

बोटाच्या रेघांचे बिंदू आणि त्यांची वेळ मिळाली तर तीही घे, सही करतानाचा वेग कळतो. ही माहिती मात्र एन्क्रिप्ट करूनच (किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी) साठव, आणि कोणी कधी उघडली याची नोंद राहू दे.

कायद्याचं म्हणशील, तर माहिती तंत्रज्ञान कायदा २००० प्रमाणपत्रावरची डिजिटल सही आणि आधार ई-साइन (आधारवरून ओळख पटवून केलेली ऑनलाइन सही) मानतो. बोटाची सही त्यात बसत नाही, ती फक्त पुरावा म्हणून पुढे करता येते. माल मिळाल्याच्या पोचीला चालेल. मोठ्या करारांना ई-साइनच लाव, आणि मालकांना हे आधीच स्पष्ट सांग.