रेडिएशननंतर फासळीवर डाग

प्रश्न: डाव्या स्तनाच्या कर्करोगासाठी दीड वर्षापूर्वी शस्त्रक्रिया आणि रेडिएशन झालं. आता बोन स्कॅनमध्ये डावीकडच्या चौथ्या-पाचव्या फासळीवर गडद ठिपके आलेत. रोग हाडात पसरला का?

उत्तर: एवढ्यावरून तसं म्हणता येत नाही, ताई. बोन स्कॅनसाठी शिरेतून दिलेलं औषध हाड जिथे नव्याने घडतं तिथे साठतं, मग कारण गाठ असो की भरून येणारी चीर. रेडिएशनने फासळ्या ठिसूळ होतात. जोरदार खोकल्यानेही चीर जाऊ शकते. शेजारच्या फासळ्यांवर एका रेषेत आलेले ठिपके बहुधा चिरांचेच असतात. फासळीच्या लांबीने पसरलेला पट्टा जास्त संशयास्पद. उपचाराच्या भागातलं हाड पुढे फिकटही दिसतं, त्याला घाबरू नका.

रेडिएशनचा डोस आणि कोणत्या भागावर दिलं, याचे कागद स्कॅन वाचणाऱ्या डॉक्टरांना द्याच. ते नसले की अर्थ चुकतो. ठिपके त्या भागाबाहेर, मणक्यात किंवा कमरेच्या हाडात असतील तर तपास लांबवू नका. फासळीसाठी बारीक छेदांचा सीटी स्कॅन काढतात. तरी शंका उरली तर काही महिन्यांनी पुन्हा बोन स्कॅन: चीर असेल तर ठिपका सहसा फिका होत जातो. पाठदुखीसोबत पायांत अशक्तपणा किंवा लघवीवर ताबा सुटणं, असं झालं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.