किंग्जला नवा अरीना का लागला, आणि त्याने ओळख बदलली का

तुम्ही विचारलंत की एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगमधल्या, कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटो किंग्ज या संघाने जेमतेम 28 वर्षांचा अरीना (बंदिस्त क्रीडागृह) सोडून नवा का बांधला, त्यात शहराचे पैसे का गेले, नव्या इमारतीने आणि नव्या बोधचिन्हाने संघाची ओळख खरंच बदलते का. शिवाय मालक मुंबईचे म्हणून 2019 चे सामने मुंबईत झाले का, हेही. मी सॅक्रामेंटोजवळच्या फॉल्सम भागात राहतो आणि जुन्या आर्को अरीनाच्या काळापासून हा संघ बघत आलोय, त्यामुळे उत्तर लांबणार.

आधी पैशाचं गणित, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. एनबीएमध्ये देशभरच्या टीव्ही करारांचे पैसे सगळ्या संघांत सारखे वाटले जातात. खेळाडूंचे पगार लीगच्या एकूण उत्पन्नाशी बांधलेले असतात. मग एका मालकाला दुसऱ्यापेक्षा जास्त कमवायची जागा उरते ती मुख्यतः स्वतःच्या इमारतीत: तिकिटं, कंपन्यांना वर्षभरासाठी विकायच्या आलिशान खोल्या, खाणंपिणं, इमारतीला नाव देण्याचे हक्क, सामना नसेल त्या दिवशीचे कार्यक्रम. सॅक्रामेंटोच्या नटोमास भागातला 1988 चा आर्को अरीना शेतांच्या कडेला काटकसरीत उभा केला होता. खेळ बघायला उत्तम, कानठळ्या बसतील इतका आवाज, पण आलिशान खोल्या मोजक्या आणि मधल्या वेळात बाहेर आलात की चिंचोळ्या बोळात हजारोंची गर्दी. प्रेक्षकाला त्याचं फारसं काही वाटत नव्हतं. मालकाला मात्र प्रत्येक हंगामात ते खटकत होतं.

आणि या संघाला गाव सोडायची जुनी सवय. रॉचेस्टरला जन्म, तिथलंच 1951 चं एकमेव विजेतेपद. 1957 ला सिनसिनाटी, 1972 ला कॅन्सस सिटी आणि ओमाहा असा दोन शहरांचा संसार. तोवरचं नाव रॉयल्स होतं, पण कॅन्सस सिटीत त्याच नावाचा बेसबॉल संघ आधीपासून होता, म्हणून किंग्ज झाले. 1985 ला सॅक्रामेंटो. म्हणजे नाव काय किंवा शहर काय, या संघाने सगळंच वाटेत बदललेलं आहे.

मग सॅक्रामेंटोत असं काय झालं की तो इथे रुजला? माझं ठाम मत असं आहे की ओळख अरीनाच्या आधी तयार झाली आणि ती लोकांनी तयार केली. राज्याची राजधानी असूनही हे शहर कायम सॅन फ्रान्सिस्को आणि लॉस एंजेलिसच्या सावलीत. मोठ्या लीगचा हा एकच संघ. पहिली अनेक वर्षं संघ हरत होता तरी तिकिटं संपायची. पुढे लॉस एंजेलिसच्या लेकर्स या संघाचे प्रशिक्षक फिल जॅक्सन यांनी सॅक्रामेंटोला गुराढोरांचं गाव म्हणून हिणवलं, तेव्हा लोक गाईच्या गळ्यातल्या घंटा घेऊन सामन्याला येऊ लागले. ज्याने कुणी 2002 मध्ये वेबर, दिवात्स, बिबी, स्टोयाकोविच यांचा तो संघ लेकर्सविरुद्ध पश्चिम विभागाच्या अंतिम फेरीत सातव्या सामन्यापर्यंत खेळताना पाहिला, त्याला त्या घंटांचा आवाज वेगळा सांगायला नको. सहाव्या सामन्यातल्या पंचांच्या निर्णयांवर इथे आजही लोक तावातावाने बोलतात. मीही बोलतो.

2006 नंतर उतरण लागली. मैदानावर संघ ढासळला आणि बाहेर अरीनाचा तिढा सुरू झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये विक्रीकर वाढवून अरीना बांधायचा प्रस्ताव मतदारांनी दणदणीत बहुमताने फेटाळला. यात लोकांचं संघावरचं प्रेम कमी होतं असं मी मानत नाही. श्रीमंत मालकांसाठी आम्ही जास्त कर का भरायचा, एवढाच साधा सवाल होता. तेव्हाचे मालक मालूफ कुटुंब 2011 ला संघ लॉस एंजेलिसजवळच्या अनाहाइमला न्यायला निघालं, ‘अनाहाइम रॉयल्स’ हे नाव नोंदवायची तयारीसुद्धा झाली. 13 एप्रिल 2011 च्या लेकर्सविरुद्धच्या सामन्याला सगळे शेवटचा सामना समजून आले होते. किंग्ज जादा वेळेत हरले. सामना संपला तरी लोक हलेनात, समालोचकांना रडू आवरेना. त्या उन्हाळ्यात चाहते घरोघर फिरले, सभांना गर्दी केली, आणि महापौर केव्हिन जॉन्सन, जे स्वतः एनबीएचे नावाजलेले माजी खेळाडू, लीगच्या दारात जाऊन बसले. एक वर्ष मिळालं. 2012 च्या फेब्रुवारीत नव्या अरीनाचा करार ठरला आणि एप्रिलमध्ये मालूफ मागे फिरले.

जानेवारी 2013 मध्ये तर संघ विकायचाच करार झाला. घेणारे होते ख्रिस हॅन्सन आणि मायक्रोसॉफ्टचे स्टीव्ह बामर, आणि संघ जाणार होता सिअ‍ॅटलला.

इथे सिअ‍ॅटलची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही, कारण सॅक्रामेंटोसमोर जे संकट होतं ते सिअ‍ॅटलने आधीच भोगलं होतं. सुपरसॉनिक्स हा तिथला 1967 पासूनचा एनबीए संघ, 1979 चा विजेता. 1995 मध्ये की-अरीना नव्याने उभारून दिला, तरी दहा वर्षांत तो अपुरा ठरवला गेला. 2006 ला तेव्हाचे मालक हॉवर्ड शुल्ट्झ यांनी संघ ओक्लाहोमाच्या क्ले बेनेट गटाला 35 कोटी डॉलरला विकला. नव्या मालकांनी 50 कोटींच्या अरीनाची मागणी केली. इकडे सिअ‍ॅटलच्या मतदारांनी, शहराला किमान परतावा मिळत नसेल तर संघांना सार्वजनिक पैसा नाही, असा नियम जवळपास तीन चतुर्थांश मतांनी मंजूर केला. 2008 मध्ये भाडेकराराची दोन वर्षं शिल्लक असताना साडेचार कोटी डॉलर भरून संघ निघून गेला आणि ओक्लाहोमा सिटी थंडर झाला. शहराने एक गोष्ट हट्टाने पदरात पाडून घेतली: सुपरसॉनिक्स हे नाव आणि तो हिरवा-पिवळा रंग सिअ‍ॅटलसाठी राखून ठेवायचे. तुमच्या ओळखीच्या प्रश्नावर मला हे उदाहरण सर्वांत बोलकं वाटतं. खेळाडू गेले, सामने गेले, पण तिथले लोक अजून त्याच रंगाचे शर्ट घालून फिरतात.

त्यामुळे 2013 चा तो लढा दोन दुखावलेल्या शहरांतला होता. कुणालाच खलनायक म्हणता येत नव्हतं, आणि हे लिहिताना मला सिअ‍ॅटलच्या चाहत्यांबद्दल आजही वाईट वाटतं. सॅक्रामेंटोने पर्यायी मालक उभा केला: विवेक रणदिवे. मुंबईत वाढलेले, एमआयटीत शिकलेले, टिब्को ही सॉफ्टवेअर कंपनी काढणारे, आणि तेव्हा गोल्डन स्टेट वॉरियर्समध्ये भागीदार. 15 मे 2013 ला एनबीएच्या मालकांनी 22 विरुद्ध 8 मतांनी स्थलांतर नाकारलं. रणदिवे यांच्या गटाने संघाची किंमत सुमारे 53.4 कोटी डॉलर धरून व्यवहार केला. अट एकच होती, आणि ती लीगची होती: ठरल्या मुदतीत, 2017 पर्यंत, नवा अरीना. म्हणजे ‘नवा का बांधला’ याचं सरळ उत्तर हे: बांधला नसता तर संघ राहिला नसता.

आता शहराच्या पैशांबद्दल. गोल्डन 1 सेंटर या नव्या अरीनाचा खर्च सुमारे 55 कोटी डॉलरपर्यंत गेला, त्यात शहराचा वाटा 25.5 कोटी ठरला. त्यातला मोठा भाग रोखे काढून उभा केला आणि ते रोखे शहराच्या पार्किंगच्या उत्पन्नातून फेडायचे ठरले. मे 2014 मध्ये सिटी कौन्सिलने 7 विरुद्ध 2 मतांनी मंजुरी दिली. सार्वमत मात्र झालं नाही. सार्वमतासाठी सह्या गोळा झाल्या होत्या, पण अर्जांतल्या चुकांवरून त्या बाद ठरल्या. त्या मोहिमेला सिअ‍ॅटलच्या हॅन्सन यांनी गुपचूप एक लाख डॉलर दिल्याचं मधेच उघड झालं आणि त्यांना दंड भरावा लागला. त्या प्रकरणाने मोहिमेतल्या प्रामाणिक लोकांचंही नाव खराब झालं. मी अरीनाच्या बाजूचा होतो, आजही आहे, तरी मतदान व्हायला हवं होतं असंच म्हणेन. एवढा सार्वजनिक पैसा गुंतवताना लोकांना विचारणं हे शहराचं देणं होतं. अर्थतज्ज्ञांचंही सर्वसाधारण मत हेच की अशा इमारतींवरचा सार्वजनिक खर्च शहराच्या अर्थव्यवस्थेत सहसा भरून निघत नाही; लोक जेवणावर, सिनेमावर जे खर्च करणार ते इथे करतात, एवढंच. कोविडमध्ये सामने आणि कचेऱ्या दोन्ही बंद झाल्या तेव्हा पार्किंगवर भिस्त ठेवण्यातला धोकाही दिसला.

मग मी बाजूने का? एक, इमारत शहराच्या मालकीची आहे आणि संघ 35 वर्षांच्या कराराने बांधलेला आहे. सिअ‍ॅटलच्या हातात दोनच वर्षं उरली होती, हे विसरू नका. कुठल्याही शहरातली अशी बातमी वाचाल तेव्हा चित्रातली चकचकीत इमारत सोडा आणि करार किती वर्षांचा, मोडला तर काय, एवढं आधी शोधा. दोन, जागा. आर्कोला मोटारीशिवाय जाणं कठीण, आणि सामना संपला की लोक थेट हायवेवर. नवा अरीना शहराच्या मध्यात, मरगळलेल्या डाउनटाउन प्लाझा मॉलच्या जागी उभा राहिला. दर्शनी बाजूला विमानाच्या हँगरसारखे काचेचे अवाढव्य दरवाजे आहेत, ते उघडले की संध्याकाळचं नद्यांच्या डेल्टाकडून (त्रिभुज प्रदेशाकडून) येणारं वारं आत शिरतं. लीड प्लॅटिनम हे पर्यावरणपूरक इमारतींचं सर्वोच्च प्रमाणपत्र मिळवणारा हा पहिलाच बंदिस्त अरीना, आणि बहुतेक खाद्यपदार्थ दीडशे मैलांच्या आतल्या शेतांतून येतात. सॅक्रामेंटो खोऱ्यातल्या शेतकऱ्यांसाठी ही लहान गोष्ट नाही.

शहराच्या मध्यात असण्याचा खरा अर्थ मला मार्च 2018 मध्ये कळला. पोलिसांनी स्टीफॉन क्लार्क या निःशस्त्र कृष्णवर्णीय तरुणाला त्याच्या आजीच्या अंगणात गोळ्या घातल्या. चार दिवसांनी निदर्शकांनी अरीनाचे दरवाजे अडवले. थोडेच प्रेक्षक आत पोचले, सामना उशिरा सुरू झाला. नंतर रणदिवे खेळाडूंना सोबत घेऊन मैदानावर उभे राहिले आणि घडलेल्या गोष्टीबद्दल बोलले. शेतांच्या कडेला असलेल्या जुन्या अरीनापर्यंत तो मोर्चा पोचलाच नसता.

बोधचिन्हाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. 2016 ला आलेलं चिन्ह 1985 च्या मुकुटाचीच सुधारलेली आवृत्ती आहे, आणि जांभळा रंग जुनाच. त्यांनी नवीन काही शोधलं नाही हेच बरं केलं. नव्या अरीनातून जी एक गोष्ट खरोखर रुजली ती म्हणजे 2022 च्या हंगामात सुरू झालेला जांभळा प्रकाशझोत. संघ जिंकला की छतावरचे लेझर आकाशात सोडतात आणि सगळा अरीना ‘लाइट द बीम’ म्हणून ओरडतो. ही कल्पना मार्केटिंग विभागाची, पण त्याच वर्षी फॉक्स, सबोनिस हे खेळाडू आणि प्रशिक्षक माइक ब्राउन यांच्या संघाने 48 सामने जिंकून प्लेऑफ म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांचा 16 हंगामांचा दुष्काळ संपवला. एनबीएच्या इतिहासातला तो सर्वांत लांब दुष्काळ होता. संघ हरतच राहिला असता तर तो झोत कुणाच्या लक्षातही राहिला नसता. फॉक्स आणि ब्राउन दोघेही आता इथे नाहीत, घोषणा मात्र टिकून आहे.

गंमत बघा, हरलेले बामर यांनी पुढच्याच वर्षी दोन अब्ज डॉलरला लॉस एंजेलिस क्लिपर्स घेतला. तो संघ लेकर्सच्याच इमारतीत राहायचा आणि स्वतःच्या सामन्याला लेकर्सच्या विजयाच्या पताका झाकून घ्यायचा. 2024 मध्ये त्यांनी स्वतःच्या पैशांनी इंगलवूडला इंट्युइट डोम उभारला, जहाजाचं नवं चिन्ह आणलं, आणि एका टोकाला 51 ओळींची सलग भिंत फक्त कट्टर चाहत्यांसाठी ठेवली. तिथे इमारतीतून ओळख घडवायचा प्रयत्न चाललाय. जमेलही, पण सॅक्रामेंटोला 1985 पासून जेवढा काळ मिळाला तेवढा त्यांनाही द्यावा लागेल.

उलट उदाहरण आमच्या शेजारीच आहे. ओकलंड सोडलेला ए’ज हा बेसबॉल संघ 2025 पासून नदीपलीकडे वेस्ट सॅक्रामेंटोत खेळतो, तेही किंग्जच्याच मालकीच्या छोट्या मैदानावर, लास व्हेगासचं स्टेडियम बांधून होईपर्यंत. त्यांनी शहराचं नाव लावलेलंच नाही. लोक बघायला जातात, मीही जातो, पण त्याला कुणी ‘आपला संघ’ म्हणत नाही.

राहिलं मुंबई. 4 आणि 5 ऑक्टोबर 2019 ला वरळीच्या एनएससीआय डोममध्ये किंग्ज आणि इंडियाना पेसर्स यांचे हंगामापूर्वीचे दोन सामने झाले, भारतातले एनबीएचे पहिलेच. पहिला पेसर्सने जादा वेळेत 132-131 असा जिंकला आणि तो बघायला शाळकरी मुलं भरली होती. दुसराही पेसर्सनेच जिंकला. लीगला भारतात बाजारपेठ हवी होती हे उघड आहे, पण किंग्जच का, याचं उत्तर रणदिवेच. याच संघाकडून 2015 मध्ये सिम भुल्लर हा भारतीय वंशाचा पहिला खेळाडू एनबीएत उतरला.

तुमचा भाऊ फ्रीमॉन्टला राहतो म्हणालात. तिथून कॅपिटॉल कॉरिडॉर गाडी थेट सॅक्रामेंटोला येते, स्टेशनपासून अरीना चालत जाण्याइतका जवळ आहे; फक्त रात्रीच्या परतीच्या गाडीची वेळ आधी बघून ठेवा. प्रकाशझोत बघायचा असेल तर लेकर्स किंवा वॉरियर्सचा सामना धरू नका, तिकीटही महाग असतं. गुणतक्त्यात तळाला असलेल्या एखाद्या संघाविरुद्धचा आठवड्याच्या मधला सामना घ्या, आणि निकाल लागल्यावर लगेच निघू नका, बाहेरच्या चौकात थांबा.