रजेचं कर्ज फेडू नकोस

प्रिय पोरी,

गुरुवारी रात्री तुझा फोन आला तेव्हा मी कुकर लावत होते. गॅस बंद केला आणि ओट्याशीच उभं राहून ऐकत राहिले. तू इतकी रडत होतीस की मला काही सांगताच आलं नाही. म्हणून आज सुट्टीचा दिवस धरून लिहायला बसले आहे.

नोकरीला दोन महिने व्हायच्या आत आपल्या सिकलसेलच्या दुखण्याचा झटका, म्हणजे क्रायसिस, आला. चार दिवस रजा पडली. परत गेलीस तेव्हा वरिष्ठ म्हणाले, "प्रोबेशनमध्येच एवढ्या सुट्ट्या?" मग तू लागोपाठ दोन शनिवार ऑफिसात जाऊन बसलीस, रोज रात्री साडेआठपर्यंत थांबलीस, डबा कॉम्प्युटरसमोरच उरकलास. तिसऱ्या आठवड्यात मांड्या आणि कंबर पुन्हा धरली. आणि मला म्हणालीस, "मावशी, माझं नशीबच असं."

नशिबाचा भाग यात थोडाच आहे. पहिला क्रायसिस आजाराने आणला असेल. दुसरा आला तो त्या चार दिवसांचं कर्ज फेडायला निघालीस म्हणून, असं मला अगदी मनापासून वाटतं.

हे मी ठामपणे लिहिते कारण मीही तेच केलं होतं. सन २००० मध्ये, चोविसाव्या वर्षी, मी लिपिक म्हणून लागले. रजेवरून परतले की टेबलावर फायलींचा ढीग असायचा आणि शेजारच्या टेबलांवरच्या नजरा. मी तो ढीग दोन दिवसांत संपवायची. मोठे बाबू कौतुक करायचे आणि त्या कौतुकावर मी आणखी चार तास ओढायची. बाईचं टॉयलेट इमारतीच्या मागे होतं, कडीसुद्धा धड लागायची नाही, म्हणून सकाळपासून पाणीच प्यायचं नाही असा माझा नियम होता. त्या एका वर्षात मी तीनदा भरती झाले. तिसऱ्या वेळी दुखणं छातीत गेलं, श्वास घेता येईना, दोन पिशव्या रक्त चढवावं लागलं. आई खाटेशी बसून होती. ती काही बोलली नाही, फक्त माझे पाय चोळत राहिली. बरी झाल्यावर मी पहिलं काय केलं असेल? ऑफिसात फोन करून विचारलं, माझं काम कोणी केलं का.

आपल्या रक्तात काय होतं ते तुला ओपीडीत समुपदेशकांनी सांगितलंच आहे, तरी पुन्हा लिहिते, कारण ऑफिसच्या गडबडीत हेच विसरायला होतं. चांगली लाल पेशी साधारण १२० दिवस जगते. आपली दहा-वीस दिवसांत मोडते. ऑक्सिजन कमी पडला, अंगातलं पाणी कमी झालं, थंडी वाजली, ताप आला, दमणूक झाली, की ती विळ्यासारखी वाकते आणि बारीक नसांमध्ये अडकते. त्यापुढच्या भागाला रक्त पोचत नाही. तेच ते दुखणं. म्हणजे तू उशिरापर्यंत बसलीस, पाणी प्यायली नाहीस, वरून एसीचा झोत अंगावर घेतलास, तर विळ्याला धार लावून दिलीस. मन किती खंबीर आहे हे त्या पेशीला कळत नाही.

पाण्याचं आणखी एक. आपल्या किडन्यांना लघवी घट्ट करता येत नाही. त्यामुळे आपल्याला इतरांपेक्षा जास्त वेळा उठावं लागतं आणि अंगातलं पाणीही लवकर कमी होतं. "ही सारखी कुठे जाते?" असं कोणी म्हणालं तर ओशाळू नकोस. लिटरची बाटली टेबलावर ठेव. जेवणाआधी एक संपली पाहिजे, चहाच्या वेळेपर्यंत दुसरी, आणि घरी गेल्यावर तिसरी. मीटिंग लांबली तर मध्ये उठ. मी उठायला लागले तेव्हा माझं वय चौतीस होतं. दहा वर्षं फुकट गेली. तू अजून चोविशीही गाठलेली नाहीस.

थंडीचं तुला तिकडे पुण्याला गेल्यावरच कळलं असेल. आपल्याकडे उन्हाळा माणसाला वाळवतो, तिकडे पावसाळ्यात ओलं होऊन माणूस दिवसभर एसीत बसतो. ओल्या कपड्यांत बसू नकोस, ऑफिसात सलवार-कुर्त्याचा एक जोड आणि मोजे ठेवून दे. तुझी जागा झोताखाली आहे म्हणालीस. ती बदलून माग. शाल पांघरून बसलेली मुलगी कशी दिसते याचा विचार करू नकोस. दिवाळीला महाराष्ट्र एक्सप्रेसने येशील तेव्हाही खिडकीजवळचा वारा टाळ आणि पाण्याच्या दोन बाटल्या आधीच भरून घे, लांबचा प्रवास आहे.

आता सांगायचं कोणाला आणि किती, हा तुझा खरा प्रश्न. तू म्हणालीस, सांगितलं तर काढून टाकतील. मी ही भीती खोटी म्हणणार नाही. पण न सांगता काय झालं ते बघ. चार दिवस गायब झालीस, "अंगदुखी" एवढाच मेसेज टाकलास आणि लोकांनी आपापला अर्थ लावला. तुझं दुखणं बाहेरून दिसत नाही. हात मोडला असता तर प्लास्टर दिसलं असतं. आपलं फक्त डोळ्यांत पिवळं दिसतं आणि ते बघून सगळे कावीळ समजतात. मला लहानपणी गळ्यात काविळीची माळ घातली होती, संधिवाताची औषधं दिली होती, आणि नवव्या वर्षी कुठे रक्त तपासलं गेलं.

म्हणून सगळ्यांना नको, दोघांना सांग. एक तुझा वरिष्ठ, दुसरा एचआरमधला माणूस. आणि बरी असताना सांग. क्रायसिसमध्ये माणूस जे सांगतो ते सबबीसारखं ऐकू येतं. तुझ्या हिमॅटॉलॉजिस्टकडून, म्हणजे रक्तविकाराच्या डॉक्टरांकडून, अर्ध्या पानाचं पत्र घे. त्यात आजाराचं नाव, तो संसर्गजन्य नाही हे, कधीकधी अचानक दोन-चार दिवस रजा लागू शकते हे, आणि पाणी, गरम जागा, मध्ये उठण्याची मोकळीक, महिना-दोन महिन्यांतून तपासणीची सुट्टी या मागण्या असाव्यात. बोलताना रडगाणं नको आणि माफीही नको. "मला सिकलसेल आहे, जन्मापासून. एवढं मिळालं की माझं काम नीट होतं," इतकंच. मग माझ्या गैरहजेरीत अमुक काम कोण बघेल ते आधीच ठरवून ठेवू या, असं तूच सुचव. कामाची काळजी तुलाही आहे हे त्यातून त्यांना दिसेल, शनिवारी येऊन बसण्यापेक्षा जास्त.

कायद्याचंही माहीत असू दे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल नावानिशी आहे. दिव्यांग प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, यांसाठी ऑनलाइन अर्ज करता येतो. सरकारी नोकरीतलं ४ टक्के आरक्षण मात्र आपल्या रक्ताच्या आजारांना लागू नाही. गावातले लोक तुला वेगळं सांगतील, म्हणून मुद्दाम लिहिते. प्रमाणपत्राचा उपयोग इतर ठिकाणी आहे, ते काढूनच ठेव. पगार महिना २१,००० च्या आत (दिव्यांगांसाठी २५,०००) असेल तर ईएसआयसीचा, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचा, नंबर पडला का ते बघ. त्यात उपचार आहेत आणि आजारपणाच्या रजेतला भत्ताही आहे, पण भत्त्यासाठी आधी ठरावीक दिवसांची वर्गणी भरलेली लागते. पगार त्याहून जास्त असेल तर कंपनीच्या गटविम्यात जन्मजात आजार धरला आहे का हे लेखी विचार. तोंडी "हो हो" वर जाऊ नकोस.

औषधाबद्दल मी डॉक्टर नाही, पण एक सांगायचा अधिकार मला आहे. क्रायसिस कमी ठेवणारी हायड्रॉक्सीयुरियाची गोळी बरं वाटतंय म्हणून सोडू नकोस आणि गावाहून पुण्याला जाताना संपली म्हणून खंडही पडू देऊ नकोस. तिचा गुण यायला महिने लागतात, आणि थांबवली की तो हळूहळू जातो. ती चालू असताना ठरलेल्या वेळी रक्ताची तपासणी करायचीच. पुढे लग्न झालं आणि मूल हवं असं ठरलं तर ठरवायच्या आधी डॉक्टरांना सांगायचं, कारण त्या काळात ती चालत नाही. दुखण्याच्या गोळ्या मनाने दुकानातून आणून रोज खाऊ नकोस, त्यातल्या काही किडनीला जड जातात. तुला चालणाऱ्या कोणत्या, किती तासांनी, हे एका कागदावर डॉक्टरांकडून लिहून घे. शेक द्यायचा तो गरम पाण्याच्या पिशवीचा. मुरगळ समजून कोणी बर्फ आणून दिला तर बाजूला ठेव.

तुझ्या रूमवरच्या मुली हिमोग्लोबिन आठ ऐकून बीट, खजूर आणि लोहाच्या गोळ्या सुचवतील. प्रेमाने सुचवतील. बीट खा. लोहाच्या गोळ्या मात्र तपासल्याशिवाय नको, आपल्या अंगात लोह कमी असतंच असं नाही आणि रक्त चढवत गेलं की ते साठतं. माझं साडेआठ हे माझं नेहमीचं आहे. तुझं नेहमीचं किती ते तुला पाठ पाहिजे, कारण अडचणीच्या रात्री तेच विचारतात.

त्या रात्रीसाठी पर्समध्ये एक कागद ठेव. आजार एसएस (म्हणजे आई-बाप दोघांकडून सिकलसेलचं जनुक आलेला), नेहमीचं हिमोग्लोबिन, रक्तगट, चालू औषधं, आपल्या डॉक्टरांचा आणि घरचा नंबर. आपल्याकडे नर्सला डोळे बघून कळतं. तिकडे तसं होईलच असं नाही. एका शहरात एका दवाखान्यात मला रात्री दोन वाजता ऐकावं लागलं होतं की मी इंजेक्शनच्या सवयीसाठी नाटक करते आहे. त्या वेळी माझ्याकडे कागद नव्हता आणि बोलायची ताकदही नव्हती. रूममेटपैकी एकीला तो कागद दाखवून ठेव. ताप १०१ च्या वर गेला, छातीत दुखून श्वास लागला, किंवा एका बाजूला हात-पाय जड पडून बोलणं अडखळलं, तर तिने ऑफिस, रजा, सकाळ यातलं कशाचंही बघायचं नाही, रिक्षात घालून थेट मोठ्या रुग्णालयात न्यायचं. हे तिला तू बरी असताना सांग.

शेवटी तू फोनवर हळूच विचारलंस ते. जेवणाच्या सुट्टीत ऑफिसातली एक बाई म्हणाली की हा आजार "तुमच्या लोकांत" असतो. पोरी, जिथे शतकानुशतकं मलेरिया होता त्या पट्ट्यात हा आजार जगभर सापडतो. आफ्रिकेत, अरबस्तानात, ग्रीसमध्ये, आणि आपल्या गडचिरोली-नंदुरबारात. ज्याला हे जनुक आई-बापांपैकी एकाकडूनच आलेलं असतं, त्या वाहकाला जीवघेण्या मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं, म्हणून ते जनुक टिकून राहिलं. तुझी आजी-पणजी त्या जंगलात जगली, वाचली, म्हणून तू आहेस. यात मान खाली घालण्यासारखं काय आहे? त्या बाईला हे शांतपणे सांगता आलं तर सांग. नाही सांगावंसं वाटलं तरी चालेल, प्रत्येकाला शिकवायचं काम तुझ्या पगारात नाही.

माझा डावा खुबा आता झिजला आहे, जिना चढताना कठडा धरावा लागतो. तो त्या वर्षांमुळेच गेला असं कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही, हा आजारच हाडापर्यंत जातो. पण त्या वर्षांत मी ज्या रजांची भरपाई केली, त्यांतली एकही आज कोणाला आठवत नाही. मोठे बाबू निवृत्त झाले, फायली गोदामात गेल्या. खुबा माझ्याकडे राहिला.

म्हणून या वेळी परत गेलीस की पहिला आठवडा नेहमीपेक्षा कमीच काम कर. संध्याकाळी सहाला ऑफिसातून नीघ. राहिलेलं काम वरिष्ठांना दाखव, यातलं आधी कोणतं हवं ते विचार आणि तेवढंच घे. शनिवारी झोप. तुझ्या नावावर रजा आहे, ती तू चोरलेली नाहीस.

सोमवारी जागा बदलून मागायची आहे, लक्षात ठेव. डॉक्टरांचं पत्र मिळालं नसलं तरी एवढं त्याशिवाय मागता येतं. वरिष्ठ काय म्हणाले ते रात्री कळव. मी दहापर्यंत जागी असते, आणि कुकर त्या दिवशी लवकरच लावून ठेवते.

तुझी,
वर्ध्याची मावशी