काजूच्या बोंडूची पांढरी वाईन: पहिल्या खेपेला एवढंच सांभाळा

पाचच लिटर रसाने सुरुवात करा. बोंडू पिवळे आणि त्याच सकाळचे घ्या. ठेचलेला एकही नको. भांडं स्टीलचं, लोखंडी किंवा तांब्याचं नाही.

खरी गोम तुरटपणात आहे. तो काढला नाही तर वाईन घसा धरते आणि दोष बिचाऱ्या यीस्टवर जातो. रस गाळल्याबरोबर अर्धा ग्रॅम पोटॅशियम मेटाबायसल्फाइट (रस टिकवणारी पूड) विरघळवा, नाहीतर आपल्या एप्रिलच्या उकाड्यात रस रातोरात आंबतो. मग २५ ग्रॅम साबुदाण्याचं पीठ पाण्यात शिजवून, गार करून रसात ढवळा. बारा तासांत साका तळाला बसेल. वरचा नितळ रस अलगद ओतून घ्या.

हायड्रोमीटर (रसात तरंगवून त्याची घनता, म्हणजे साखरेचा अंदाज, सांगणारी काचेची नळी) १.०८५ दाखवेपर्यंत साखर घाला, अंदाजे अर्धा किलो लागते. वाईन यीस्ट मात्र सल्फाइटनंतर २४ तासांनीच.

नवशिक्यांचं इथे चुकतं:
- पावाचं यीस्ट वापरणं. वास जात नाही.
- झाकण घट्ट लावणं. एअरलॉक (आतला वायू सोडणारी, पण बाहेरची हवा आत न घेणारी झडप) हवाच, नाहीतर बरणी फुटेल.
- रोज उघडून बघणं. हवा लागली की व्हिनेगर!
- उष्णता. बरणी पाण्याच्या टबात ठेवा, भोवती ओलं फडकं, सकाळ-संध्याकाळ बर्फाची बाटली. २५ अंशांच्या वर फळाचा वास उडतो.

ओक लाकडाचा स्वाद वगैरे सध्या विसरा. हायड्रोमीटर १.००० च्या खाली येऊन तीन दिवस हलला नाही, की गाळावरून दुसऱ्या काठोकाठ भरणाऱ्या बरणीत काढा. बाटल्या भरायची घाई नको. आरपार नितळ दिसेपर्यंत थांबा.